चांदीच्या घशात काहीतरी अडकलंय

११ ऑक्टोबर, शनिवार

जनावराचा रोग माणसाला होतो, तर माणसाचा जनावराला का होत नाही? हे आज रेवारामकाकांनी विचारलं. त्यांचे शब्द असे: "आमाले खोकला होते, त म्हशी काऊन नाई खोकलत?" मी म्हटलं, तो पुढच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. तसा काही भाग आहे की नाही, माहीत नाही. असायला हवा.

रेवारामकाका गावची गुरं राखतात. सकाळी सगळ्यांची गुरं आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, जमतात आणि काका ती चरायला नेतात. जनावरांच्या लाळेशी, शेणाशी, गोचिडांशी सगळ्यात जास्त संबंध त्यांचा. म्हणजे माझ्या मोहिमेचे केंद्रबिंदू तेच.

मोहिमेचं नाव ठरलं: 'सुरक्षित हात, सुरक्षित गाव'. प्रशिक्षण संपलं. पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांवर प्रथमोपचार करणारीचं, ओळखपत्र, थर्मामीटर आणि हातमोज्यांचा एक पूर्ण डबा मिळाला. डबा कपाटात, माझ्या पदवीच्या फाइलीखाली ठेवला. घरातली पहिली पदवीधर मी. बाबा धानावर मारायच्या औषधाची बाटलीसुद्धा मला वाचायला देतात आणि मी वाचलं की तो शेवटचा शब्द. जबाबदारी मोठी आहे. मला पेलते.

संकल्प: कुठल्याही जनावराला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. आजपासून.

संध्याकाळी चांदीचं दूध काढलं. आपल्या घरची गाय 'कुठल्याही जनावरात' मोडत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

समाजमंदिरात पहिली सभा. उपस्थिती चांगली, निदान सुरुवातीला. मी बोलले: लाळेतून, रक्तातून, गोचिडातून विषाणू माणसात येतात, गुरं राखणारे, दूध काढणारे, मेलेलं जनावर ओढणारे यांना धोका जास्त, हात हेच दार आहे. 'हात हेच दार आहे' हे वाक्य मी स्वतः रचलेलं. कोणी लिहून घेतलं नाही.

शेजारच्या सुलोचनाबाईंनी विचारलं, कोरोना गेला ना आता? मी म्हटलं, हे वेगळे विषाणू. त्या म्हणाल्या, "मंग यायलेबी नाव ठेवा लवकर. भ्यावाचं कोनाले ते त समजू दे."

मग मी हातमोजा दाखवला. सुलोचनाबाईंनी तो हातात घेतला, फुंकून फुगवला, दोन बोटं धरून दूध काढल्याची नक्कल केली आणि म्हणाल्या, "गायीले सड चार. याले पाच. पाचवा कोनाच्या घरचा?" त्यानंतर सभा काही माझ्या हाती आली नाही.

जमेची बाजू: चांदीच्या नाकाजवळची जखम पूर्ण भरली. गेल्या महिन्यात आखरावर तिला एक मोकाट कुत्रं चावलं होतं. बाबा तिला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं म्हणत होते. मी म्हटलं, घरात होऊ घातलेली पशुसखी असताना? मलम लावलं. माझी पहिली यशस्वी केस. कुठेतरी सांगता येईल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

टीना मॅडमचा फोन. तालुक्यातल्या सगळ्या पशुसखी त्यांच्या हाताखाली. त्यांना फोटो हवा: गुरं राखणारा माणूस, हातात मोजे, मागे गुरं, चेहऱ्यावर समाधान. रेवारामकाकांना मोजे घातले. ते म्हणाले, "हात अंड्यावानी उकडून राहिले." समाधान सोडून बाकी सगळं फोटोत आलं.

फोटो झाल्यावर मोजे परत घेतले, पुढच्या फोटोला लागतील म्हणून. धुऊन दोरीवर वाळत घातले. आई विचारत होती, हे वापरायचे कधी? मी म्हटलं, प्रसंग आला की.

संध्याकाळी मॅडमचा परत फोन. फोटो वरच्या साहेबांना आवडला. ३१ तारखेला गोंदियाला मोठा कार्यक्रम आहे, त्यात मी बोलायचं. विषय: 'पशुपालकांची सुरक्षितता: माझा अनुभव'. बाबा सहसा कोणाच्या दारात जात नाहीत. आज ही बातमी सांगायला स्वतः गेले, आणि जेवायला उशिरा आले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

भाषणाचं पहिलं वाक्य तयार: 'मी माझ्या हातांची काळजी घेते, म्हणूनच मी गावाची काळजी घेऊ शकते.' पुन्हा पुन्हा वाचलं. छान आहे.

दुपारी सुलोचनाबाईंची शेळी अडली. पळत गेले, पिल्लू मीच काढलं. मोजे घरी राहिले. कपाट उघडा, फाइल उचला, डबा काढा, तोवर शेळी थांबते का? सुलोचनाबाई नुसत्या माझ्या हातांकडे बघून हसल्या. आणीबाणीत नियम लागू नसतात. भाषणात आणीबाणीवर एक परिच्छेद घालावा का?

नको.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. चांदी नीट खात नाही. रवंथ नाही. आवाज बसल्यासारखी सारखी हंबरते. बाबा म्हणाले, फटाक्यांनी बिचकली. थर्मामीटर लावला, जवळजवळ ठीक. बाबांना म्हटलं, बरोबर ओळखलंत. आमच्या घराची पद्धत अशी छान बसली आहे: मत त्यांचं, शिक्का माझा.

२२ ऑक्टोबर, बुधवार

गायगोधन, दिवाळीतला आमचा गुरांचा सण. सविस्तर लिहिते, म्हणजे नंतर घोळ होणार नाही.

सकाळी आईनं खिचडी केली. या दिवशी आम्ही गाईला ओवाळून पितळी ताटात खिचडी देतो आणि तिनं खाऊन उरलेली उष्टी खिचडी घरातले सगळे प्रसाद म्हणून खातात. चांदीनं ताटात तोंड घातलं, पण घास गिळेना. लाळेच्या तारा ताटात. आई म्हणाली, बघा, माउलीनं सगळा आपल्यालाच ठेवला. पहिला घास मी घेतला. पोरी शिकल्या की परंपरेला नाक मुरडतात, असं कोणी म्हणायला नको. उरलेली खिचडी आईनं गल्लीत वाटली.

मग आखर. सगळी गुरं रंगवलेली, गळ्यात झेंडू. मधोमध शेणाचा गोधन, म्हणजे गोवर्धनाचा ढीग, मांडलेला. त्यावरून गुरं न्यायची आणि तेच शेण कपाळाला लावून एकमेकांना भेटायचं. चांदी काही पुढे जाईना. मान ताणून उभी, तोंडातून लाळ. लोक जमले. आणि काकांनी मला विचारलं. वडीलधारी माणसं उभी असताना मला. "सांग पोरी, का झाला इले?"

काय म्हणणार होते? माहीत नाही म्हणणार होते? मी म्हटलं, घशात काहीतरी अडकलंय. एकदा म्हटल्यावर ते मलाही पटलं. भोपळ्याचा देठ असणार.

जबडा धरायला लावला आणि हात आत घातला. मनगटापर्यंत गेला, काही लागलं नाही. म्हटलं, खोल आहे, लांब हात लागेल. काका पुढे आले. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी चालू आहे, त्यांच्या बोटाला विळा लागला होता, त्यावर चिंधी होती. मी म्हटलं, काका, ती मळकी चिंधी काढा, गाईच्या तोंडात घाण जाईल. त्यांनी काढली. कोपरापर्यंत हात घातला.

त्यांनाही काही लागलं नाही. मी म्हटलं, खाली सरकलं, आता आपोआप निघून जाईल. लोकांनी माना डोलावल्या. काकांनी हात गवताला पुसला, शेण घेतलं आणि माझ्या कपाळाला टिळा लावला. म्हणाले, "शिकली पोरगी गावाच्या कामी आली."

मोजे कपाटात होते. सणाला कोण मोजे घेऊन जातं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. चांदीचा आवाज पार गेला. तोंड उघडते, घोगरं काहीतरी बाहेर येतं. खुंट्याला डोकं आपटते. आईच्या अंगावर धावली. निदान: घसा आतून सोलला, वेदनेनं चिडली. उपचार: गूळ-हळद. घेतली नाही.

प्रशिक्षणाच्या पुस्तकात याबद्दल एक पान आहे. उघडलं. बरीच लक्षणं जुळतात. बरीच म्हणजे सगळी नाहीत. पुस्तक मिटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चांदीचे मागचे पाय गेले. बाबांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मला न विचारता.

डॉक्टर गाडीतूनच मोजे घालून उतरले आणि लांब उभे राहिले. कुत्रं चावलं होतं का? बाबा म्हणाले, होय. मग तेव्हा का नाही आणली? बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "राहून गेलं साहेब."

डॉक्टर म्हणाले, गाय पिसाळली असावी. मेंदू तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण माणसांनी त्यासाठी थांबायचं नाही. लाळ लागलेल्यानं लगेच लस घेतली तर वाचतो. लक्षणं दिसायला लागली की काही करता येत नाही. मग त्यांनी विचारलं, तोंडात हात कोणी घातला होता?

मी म्हटलं, "कोणीच नाही सर. आम्ही हातमोजे वापरतो."

काका तेव्हा गुरं घेऊन रानात होते. बाबा तिथेच होते. बाबांनी आखरावर सगळं पाहिलं होतं. ते गोठ्याच्या आढ्याकडे बघत राहिले.

हातमोजे वापरतो, हे काही अगदीच खोटं नाही. फोटो आहे. आधीच्या वाक्याबद्दल उद्या लिहीन.

डॉक्टर गेल्यावर बाबांनी विचारलं, खिचडीचं काय? मी म्हटलं, शिजवलेल्या अन्नात विषाणू मरतात. बाबा म्हणाले, बरं, आणि शेतावर गेले. लाळ खिचडी शिजल्यानंतर पडली होती, हे ते बांधापर्यंत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

चांदी गेली. खोल खड्डा, वर चुना. आई गोठ्यात जाऊन बसली ती उठेना.

रेवारामकाका ओढायला म्हणून दोरी धरायला आले. मी ओरडले, काका, हात लावू नका. ते म्हणाले, "आता कायले? त्या दिवशी त कोपरापर्यंत घातला ना."

हीच वेळ होती. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हटलं, चुना हाताला लागतो काका.

संकल्प: काकांना सगळं सांगायचं. उद्या. आज घरात दुःख आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

काकांच्या घरी गेले. ते रानात होते. चमेलीकाकूंनी चहा केला. मी धानाबद्दल बोलले, बिरसीच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानांच्या आवाजाबद्दल बोलले, त्यांच्या धाकटीच्या शाळेबद्दल बोलले. मग मोज्यांचा अख्खा डबा त्यांच्या हातात ठेवला. काकू म्हणाल्या, "गाय मेल्यावर आनलीस का बाई." त्यांना म्हटलं, पुढे उपयोगी पडतील. सुरुवात तरी झाली.

शांतपणे विचार करू. सांगितलं तर काय होईल? मी चुकले हे कळेल. डॉक्टरांशी खोटं बोलले हे कळेल. मग ३१ तारीख गेली. मग गावात पशुसखीचं कोणी ऐकणार नाही, मोजे कोणी घालणार नाही आणि रोग वाढतील. एका माणसासाठी सगळ्या गावाची सुरक्षितता पणाला लावायची का?

हे वाक्य आत्ता परत वाचलं. खोडत नाही. दिसू दे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आडमार्गानं जायचं ठरवलं. सकाळी आखरावर जाऊन काकांना म्हटलं, गुरं राखणाऱ्यांनी रेबीजची लस घेऊन ठेवली तर चांगलं असतं. सर्वसाधारण माहिती. काका म्हणाले, "काऊन? मले का झाला?"

मी म्हटलं, काही नाही, असंच.

"मंग कायले गोंदियाले जाऊ? गुरं कोन पाहीन, तू?"

बरोबरच आहे त्यांचं. मी परत फिरले. मागून म्हणाले, "हाताले मुंग्या येऊन राहिल्या मातर. विळा लागला त्या हाताले."

घरी आले. पुस्तकातलं ते पान. 'जखमेच्या जागी मुंग्या येणे.' माझ्याही हाताला येत आहेत. ज्या हातानं लिहिते आहे त्या.

बाबा ओसरीवर दोर वळत होते. मी म्हटलं, बाबा, मी डॉक्टरांशी खोटं बोलले. बाबा म्हणाले, "मी बी." हात थांबला नाही त्यांचा. मग म्हणाले, "तू वाचून सांगतेस मनून मी मानतो. जे तुले येत नाई तेबी तू वाचल्यावानीच सांगतेस. मले कसं समजावं वो कोनता कोनता हाय?"

आईनं जेवायला बोलावलं, गेले नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उजाडताच काकांकडे. ते अंगणात दात घासत होते. मी बोलायचे मुद्दे पाठ केले होते: प्रथम आजाराची माहिती, मग घाबरू नका, मग माझा भाग. माझाच भाग आधी बाहेर आला. म्हटलं, काका, चांदीच्या घशात काहीच नव्हतं, मला माहीत नव्हतं, मी उगाच सांगितलं. ती पिसाळलेली होती. डॉक्टरांनी विचारलं, हात कोणी घातला, तर मी कोणीच नाही म्हटलं. आत्ता दवाखान्यात चला.

काकांनी चूळ भरली. परत भरली. म्हणाले, "तू सांगतली मनून हात घातला. तू सांगतली मनून चिंधी काढली. आता तू सांगतेस मनून सुई घेऊ. एकदा ठरव ना बापा."

चमेलीकाकू शेणाचं टोपलं तसंच ठेवून आल्या. "परवा माया घरी बसून चहा पेली. विमानाच्या गोष्टी सांगतल्या. तवा तोंडाले का कुलूप होता?"

होतं. कुलूपच होतं. तेही मीच लावलेलं.

काकांना नळाखाली बसवून साबणानं हात धुवायला लावला, बराच वेळ. "आता धुऊन?" म्हणाले. मी म्हटलं, तरी. मग आई, बाबा, काका आणि मी, चौघं एका ऑटोत बसून गोंदियाला निघालो. काकांनी वाटेत नागऱ्याच्या महादेवाला हात जोडले. मीही जोडले. माझ्याकडे बघून त्यांनी हात खाली घेतले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हात धुतल्यावर काकांनी परत बांधलेली चिंधी त्यांनी सोडली. जखमेत पू, आणि चिंधी रोज इतकी करकचून बांधलेली की बोट काळं पडत चाललेलं. मुंग्या त्याच्याच, म्हणाल्या. मी भिंतीला टेकले. पण त्यांचं पुढचं वाक्य होतं, लाळ लागून इतके दिवस झाले आणि तुम्ही आज येताय? उघड्या जखमेचा हात पिसाळलेल्या गाईच्या तोंडात घालायला सांगितलं कोणी?

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं नव्हतं तसंच.

मी म्हटलं, मी सांगितलं. तुम्ही कोण? पशुसखी. ओळखपत्र गळ्यातच होतं, निघताना सवयीनं घातलेलं. डॉक्टरीणबाईंनी ते नीट वाचलं, मग लिहायला लागल्या.

लस आम्हा चौघांनाही दिली, काकांना शिवाय एक वेगळं इंजेक्शन थेट जखमेत, सगळ्या बाजूंनी. ते मोठ्यानं हिंदीत शिव्या द्यायला लागले. नर्स म्हणाली, काका, धीरे. ते म्हणाले, तुमको नहीं बोल रहा. कोणाला ते सांगितलं नाही.

बाहेर येऊन जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. सर, हात घातला होता. मी, आणि माझ्या सांगण्यावरून रेवारामकाकांनी. मोजे नव्हते. मला वाटलं, रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, अजून कोणाला लाळ लागली?

तेव्हा मला गल्ली आठवली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ठरवलं होतं, घरोघरी जाऊन शांतपणे सांगायचं. पहिलं घर सुलोचनाबाईंचं. त्यांच्या दारात मी इतका वेळ उभी राहिले की त्यांना वाटलं, मी वर्गणी मागायला आले. पैसे आणायला आत वळल्या. मी तशीच निघाले आणि ग्रामपंचायतीत गेले. तिथला भोंगा मागितला. चेहरे बघत सांगणं मला जमणार नव्हतं.

भोंग्यावरून सांगितलं: आमची चांदी पिसाळून मेली असावी. गायगोधनाला आईनं वाटलेली खिचडी ज्यांनी खाल्ली, त्यांनी दवाखान्यात दाखवून घ्या. लस लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. आईला काही माहीत नव्हतं. घशात अडकलंय हे मी सांगितलं होतं, ते चूक होतं. मोजे माझ्या कपाटात होते.

मग मी खाली बसले आणि रडले. माइक बंद करायचा राहिला होता. ते मला कसं कळलं तर सुलोचनाबाई धावत आल्या, म्हणाल्या, "बंद कर वो पोरी. म्हशी पान्हा चोरून राहिल्या."

दुपारी आरोग्य केंद्राची गाडी आली. गल्लीतल्या बायका बसल्या. आई त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेली. कोणी तिच्याशी बोललं नाही. तिनं सगळ्यांना पाण्याची बाटली दिली, त्यांनी घेतली. घरी येऊन ती मला म्हणाली, मला का नाही आधी सांगितलंस? मी ताट आतच ठेवलं असतं.

मला तरी कुठे माहीत होतं, असं म्हणता आलं असतं. निदान बुधवारच्या खिचडीबद्दल तरी. नंतरचे दिवस होतेच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

उद्या आमचा दुसरा डोस आणि उद्याच कार्यक्रम. दोन्ही गोंदियालाच. योग असतो.

विचार केला: आधी डोस, मग भाषण. पहिलं वाक्य बदलायचं. झालेला प्रसंग सांगायचा, पण 'एका गावात असं घडलं' असा. लोकांना बोध महत्त्वाचा, गावाचं नाव कशाला? शिवाय बाबा आता भाषणाबद्दल कोणाकडे बोलत नाहीत, पण मी बोलले तर त्यांना बरं वाटेल.

बाबांना विचारलं. म्हणाले, "तुले जे येते ते सांग."

मसुद्यात 'एका पशुसखीने' असं लिहिलं आहे. तृतीय पुरुषात वाचायला बरं वाटतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्याची रांग. काका माझ्या पुढे, आई-बाबा त्यांच्या पुढे. आईनं माझी चांगली साडी पिशवीत घालून आणली होती, डोस झाला की बदलायला. काकांचं बोट सुधारलं आहे. माझ्याशी ते कामापुरतं बोलतात. "सरक पुढं" एवढंच आज.

टीना मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, दिव्या, कुठे आहेस, पाहुणे येऊन बसलेत, दहा मिनिटांत पोच. मी म्हटलं, रांगेत आहे मॅडम. कसली रांग? इथे मी 'बँकेची' म्हणू शकले असते. शब्द तोंडात आलाही होता. काका पाठमोरे होते, पण त्यांचा कान माझ्याच बाजूला होता.

मी म्हटलं, रेबीजच्या लसीची. मग बाकीचं सगळं. गाय आमची, हात माझा, मग काकांचा, चिंधी, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. 'एका गावात' असं नाही. गावाचं नाव, माझं नाव. मसुदा पिशवीत साडीखाली होता, काढला नाही. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एक बाई आपल्या मुलाला घेऊन थोडी मागे सरकली.

मॅडम म्हणाल्या, अगं, हे आजच सांगायची काय गरज होती? कार्यक्रम झाल्यावर सांगितलं असतंस. आता मी वर काय सांगू?

मी म्हटलं, हेच सांगा. मी येत नाही.

फोन ठेवेपर्यंत रांग पुढे गेली होती आणि माझी जागा भरली होती. काकांनी एकदा वळून पाहिलं, म्हणाले, "गेला ना तुया नंबर," आणि परत समोर तोंड केलं. मी मागे जाऊन शेवटी उभी राहिले. तोवर त्यांची सुई झाली, आई-बाबांची झाली, आणि ते तिघं बाहेर ऑटोत जाऊन बसले. मग माझी झाली.

भाषण कसं झालं, आणि मॅडमना आता सगळं सांगावं की थोडं, यावर आज घरी आल्यावर इथे नीट विचार करून लिहायचं असं काल ठरवलं होतं. त्याची आता गरज नाही. सांगून झालं आहे, आणि मी गेले नाही.